सात रात्री आणि एकशेवीस तास

ही वेळ कामाची आहे हे मला माहीत आहे, त्यामुळं हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडता निवडता, भाकरी थापता थापता ऐका.

दिवाळीची सुट्टी संपली, कॉलेज पुन्हा सुरू झालं, की आपल्या घरातली कॉलेजला जाणारी मुलगी एक कागद घेऊन येते. त्यावर आईची किंवा वडिलांची सही हवी असते. वर लिहिलेलं असतं, 'राष्ट्रीय सेवा योजना, विशेष श्रमसंस्कार शिबिर, सात दिवस, निवासी'. त्या एका 'निवासी' शब्दावर घर गप्प होतं. वडील पेपर वाचायला घेतात. आजी म्हणते, परक्या गावात तरण्या पोरी सात रात्री कशाला? आणि आई दोन्हीकडं बघत राहते. या कागदाबद्दल आज मला बोलायचं आहे. कारण मीही तो एकदा घरी नेला होता, आणि आता माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी मला विचारतात, 'सही करू का गं?'

आधी ही योजना काय आहे ते थोडक्यात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्र सरकारनं ती सुरू केली. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. आज कितीतरी कॉलेजांत तिचं युनिट असतं. कोणी एन.एस.एस. म्हणतं, कोणी रासेयो. नाव दिलं की मुलीनं वर्षाला १२० तास समाजाचं काम करायचं, असं दोन वर्षं. म्हणजे २४० तास, आणि शिवाय एक सात दिवसांचं शिबिर. हे पुरं केलं की प्रमाणपत्र मिळतं. काही विद्यापीठांत वाढीव गुण मिळतात. मुलीच्या ओढणीला लावलेला जो गोल बिल्ला तुम्ही पाहिला असेल, त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. त्याला आठ आरे आहेत, दिवसाच्या चोवीस तासांसाठी. आपल्या भाषेत सांगायचं तर आठ प्रहर.

योजनेचं ब्रीदवाक्य आहे 'नॉट मी बट यू', म्हणजे माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. मुलांना हे शिकवणं ठीक आहे. पण मैत्रिणींनो, आपल्या मुलींना 'माझ्यासाठी नव्हे' हे वेगळं शिकवावं लागतं का? शेवटची भाकरी भावाला वाढताना ती ते शिकलेलीच असते. मी कागद घेऊन गेले तेव्हा माझी आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "सेवाच करायची तर घरात काय कमी सेवा पडलीय? ती कर की." तेव्हा मला राग आला. आज वाटतं, तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. घरातली सेवा आणि ही सेवा यात फरक तो काय?

फरक मला पहिल्याच महिन्यात कळला, आणि तो एका वहीत होता. प्रत्येक स्वयंसेविकेला एक दैनंदिनी मिळायची. आज काय काम केलं, किती तास केलं, ते त्यात लिहायचं. खाली मॅडमची सही. 'शाळेच्या आवारात झाडांना आळी केली, दोन तास.' 'दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी नावं लिहिली, तीन तास.' मी वयाच्या दहाव्या वर्षापासून पाणी भरत होते, भांडी घासत होते, धाकट्या भावाला सांभाळत होते. त्याचे तास कोणी लिहिले होते? मलाही ते काम वाटलं नव्हतं. त्या वहीत पहिल्यांदा माझ्या नावापुढं माझ्या कष्टाचा आकडा आला. आणि ते काम मी आपणहून नाव देऊन निवडलं होतं. बचत गटाच्या पासबुकावर पहिल्यांदा स्वतःचं नाव बघितल्यावर तुम्हाला काय वाटलं होतं ते आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

सेवेच्या नावानं बाई घराबाहेर पडते, हे आपल्याकडं जुनंच आहे. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. बायका तिथं शिकायला येऊ लागल्या, परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. 'शिकायला जाते' म्हटलं तर घर अडवायचं, 'सेवा करायला जाते' म्हटलं की जरा सैल पडायचं. माझ्या शिबिराच्या कागदालाही त्याच शब्दानं वाट करून दिली. आमच्या मॅडम एका संध्याकाळी घरी आल्या, ओट्यावर बसून चहा प्यायल्या. आईनं एकच विचारलं, "रातच्याला दाराला आतून कडी हाय का?" मॅडम म्हणाल्या, "आहे, आणि दारापाशी मीच झोपते." वडील काही बोलले नाहीत. सकाळी कागद माझ्या वहीत होता, सही केलेला.

आमचं कॉलेज मुलींचंच होतं, तालुक्याच्या गावी. आता मैत्रीविषयी एक गोष्ट सांगते, जी शहरातल्या माणसाला कळायची नाही. खेड्यातून कॉलेजला येणाऱ्या मुलीची मैत्री एस.टी. ठरवते. साडेनऊची गाडी पकडून यायचं, तास संपले की धावत स्टँडवर, कारण पाचची गाडी चुकली तर घरात चौकशी. मग मैत्रिणी कोण? त्याच गाडीतल्या, त्याच गावच्या, म्हणजे बहुतेक नात्यातल्या नाहीतर भावकीतल्या. शेजारच्या बाकावरची मुलगी कुठल्या वाडीची, तिच्या घरी काय चालतं, हे दोन वर्षांत कळत नाही. शिबिराच्या सात रात्री म्हणजे पहिल्यांदा एस.टी.ची घाई नसलेल्या रात्री.

आम्ही पन्नास जणी होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचे दोन वर्ग राहायला, शिक्षकांची खोली सामान ठेवायला. पहाटे पाचला उठायचं, प्रभातफेरी, मग चहा-पोहे, आणि आठ ते बारा श्रमदान. दुपारी जेवण करून व्याख्यान, मग गावात घरोघरी पाहणी, रात्री करमणुकीचे कार्यक्रम. कामांचे गट पाडले होते, आणि मॅडमनी ते मुद्दाम एका गावच्या मुली एका गटात येणार नाहीत असे पाडले होते. त्यावरून आम्ही पहिल्या दिवशी खूप कुरकुर केली.

त्या वर्षी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. तुमच्यापैकी कित्येकींनी तो घातला असेल. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, त्यात वाळू-माती भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं, आणि पाण्याच्या आडवी, विटांसारखी सांधे मोडत रचायची. पाऊस संपल्यावर ओढ्याला थोडी धार असते तेव्हाच हे करायचं. मग तेवढं पाणी अडतं आणि आसपासच्या विहिरींना त्याचा आधार होतो. आम्ही माणसांची साखळी केली. भरलेलं घमेलं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, आणि रिकामं उलट्या बाजूनं परत. साखळीत एक गंमत असते. तुमच्या डाव्या हाताला कोण आहे ते तुम्ही ठरवत नाही. पण चार तास तिच्या हाताकडं बघावं लागतं, ती थकली की आपण हात लांब करावा लागतो, नाहीतर घमेलं पायावर पडतं. दुपारपर्यंत मला माझ्या डावीकडच्या मुलीचं आडनाव माहीत नव्हतं, पण तिचा उजवा खांदा दुखतो हे माहीत होतं.

ही डावीकडची मुलगी वर्गात कधी बोलायची नाही. कारण मला तिसऱ्या दिवशी कळलं. ती 'पानी' म्हणायची, 'लोनी' म्हणायची. शाळेत कोणीतरी हसलं होतं, कोणा सरांनी सगळ्यांसमोर 'ण' दहा वेळा म्हणायला लावला होता, तेव्हापासून तिनं तोंडच मिटून घेतलं होतं. रात्रीच्या आढावा बैठकीत प्रत्येकीनं दोन वाक्यं तरी बोलायची असा नियम होता. ती उभी राहायची आणि रडवेली होऊन बसायची. मग चौथ्या दिवशी गावात पाहणीला गेलो. घरात किती माणसं, शौचालय आहे का, लहान मुलांना लस दिली का, असं विचारायचं. मी पुस्तकी भाषेत विचारायची, आणि समोरची काकू 'हो, नाही' म्हणून दार लोटून घ्यायची. ही मुलगी उंबऱ्यावर बसली, "मावशे, पानी कुठून आनता वं?" म्हणाली, आणि मावशीनं तिला सगळं सांगितलं. पाण्याचं, सुनेच्या बाळंतपणाचं, बंद पडलेल्या हातपंपाचं, रेशन कार्डावर न चढलेल्या नावाचं. आमच्या गटाची सगळ्यात भरलेली वही तिची होती. त्या रात्री मॅडमनी ती वही तिलाच वाचायला सांगितली. तिनं वाचली. 'पानी' असंच वाचलं. पन्नास जणींत कोणी हसलं नाही, कारण ती जे वाचत होती ते आमच्यापैकी कोणाकडंच नव्हतं.

आज ती बचत गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरते. 'न'चा 'ण' अजून झालेला नाही.

सगळं काही असं गोड नव्हतं, तेही सांगते. दुसऱ्या दिवशी दोन मुलींनी आपली ताटं घेऊन वेगळीकडं बसायला घेतलं. घरची सवय. मॅडमनी भाषण दिलं नाही. वाढपाची पाळी अशी लावली की त्या दोघी सगळ्यांना वाढणार, आणि शेवटी उरलेल्या वाढपींसोबत एका पातेल्याभोवती जेवणार. त्यातली एक दोन दिवसांत मिसळली. दुसरी शेवटपर्यंत अवघडलेलीच राहिली. सात दिवसांत सगळं धुऊन निघतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

भांडणंही झाली. अंघोळीच्या गरम पाण्यावरून माझं आणि गटप्रमुखाचं असं वाजलं की दोन दिवस अबोला. घरी अबोला धरला तर आपण माजघरात जाऊन बसतो. इथं माजघर नव्हतं. सकाळी साखळीत तिच्याच हातातून घमेलं घ्यायचं होतं. आणि रात्री आढाव्यात सगळ्यांसमोर 'आज काय चुकलं' ते बोलायचं होतं. मी उठून म्हणाले, "पाण्याची पाळी नीट लावलेली नाही." ती म्हणाली, "मग उद्या तू लाव." मी लावली, आणि माझीही नीट झाली नाही. आमची मैत्री तिथून सुरू झाली, ती आजपर्यंत आहे. मनात न ठेवता चारचौघींत बोलायचं, आणि बोलून पुन्हा त्याच बाईशेजारी कामाला उभं राहायचं, हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं. कोणाचा हप्ता थकल्यावर गटाच्या बैठकीत तुम्ही जे करता, तेच हे. तुम्ही ते तीस-पस्तीसाव्या वर्षी शिकलात. मुलगी अठराव्या वर्षी शिकली तर काय वाईट?

आणखी एक गोष्ट, जी सही करणाऱ्या वडिलांना कोणी सांगत नाही. पन्नास मुली सात दिवस एकत्र राहिल्या की काहींची पाळी येणारच. पहिल्या दिवशी एक मुलगी पोटात कळा येत असताना पोती उचलत राहिली, आणि शेवटी मटकन खाली बसली. त्या रात्री कंदिलाएवढ्या उजेडात हा विषय निघाला. कोण घरी बाहेर बसते, कोण जुनं कापड ओलंच वापरते, कोणाला महिना महिना येत नाही आणि तिनं आईलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गटप्रमुखाला फक्त 'आज सुई-दोरा' म्हणायचं, की ती पोती शिवायचं बसकं काम द्यायची. त्यातल्या एकीला पुढं मॅडम तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिला रक्त कमी होतं, गोळ्या सुरू झाल्या.

आता आमची चूक सांगते. त्याच शिबिरात आम्ही पाच घरांसमोर शोषखड्डे केले होते. सांडपाण्यासाठी साधारण मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, खाली मोठे दगड, वर बारीक, आणि सर्वांत वर बुडाला भोकं पाडलेला माठ, त्यात नारळाच्या काथ्या. खरकटं, केस, साबणाचा गाळ काथ्यात अडकतो, पाणी खाली मुरतं. फोटो निघाले, नारळ फुटला, आम्ही परत आलो. तीन महिन्यांनी त्याच गावात गेलो, कारण ते आमचं दत्तक गाव होतं, वर्षभर जायचं होतं. पाचांतले दोन खड्डे तुंबले होते आणि दारात डबकं. एक काकू म्हणाल्या, "पोरींनो, खणून गेलात, पण सांगून नाही गेलात." काथ्या अधूनमधून काढून धुवायची असते, हे आम्ही कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगायला त्या बाईजवळ बसावं लागतं, आणि आम्ही खणण्यातच मोठेपणा मानला होता. त्या दिवशी आम्ही माठ उपसले, काथ्या धुतली, आणि काकूंनी आम्हाला घरात बोलावून चहा दिला. आधीच्या सात दिवसांत त्यांनी बोलावलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला दोन बाजूंनी सांगते, कारण तुम्ही दोन्ही बाजूंना आहात. तुमची मुलगी दुसऱ्या गावी जाते, आणि दुसऱ्यांच्या मुली तुमच्या गावी येतात.

मुलगी जाणार असेल तर सही करण्याआधी कॉलेजात फोन करा, शक्य तर जाऊन या. मुक्कामाला बाई प्राध्यापक राहणार का, झोपायची खोली आतून बंद होते का, शौचालय आहे का आणि त्यात पाणी आहे का, जवळचा दवाखाना किती लांब, रात्री फोन कोणाला करायचा. हे विचारायला लाजू नका. ज्या कॉलेजला याचा राग येतो, तिथं सही करण्याआधी दोनदा विचार करा. पैशाचंही विचारा, कारण शिबिरासाठी सरकारी अनुदान असतं. मुलीकडून काही घेणार असतील तर कशासाठी, ते त्यांनी सांगावं. ती परत आली की 'मजा आली का' एवढ्यावर थांबू नका. 'काय काम केलंस' ते विचारा. काही ठिकाणी शिबिर नावापुरतं असतं. मुली नऊवारी नेसून पाहुण्यांच्या स्वागताला आरतीचं ताट धरून उभ्या, खणायला मुलगे, आणि वहीत तास मात्र पूर्ण. अशा १२० तासांत ना मैत्री होते ना काही शिकणं. मुलीनं तसं सांगितलं तर पालकांच्या बैठकीत तुम्ही बोला.

आणि शिबिर तुमच्या गावात येणार असेल, तर ते सरपंच आणि मुख्याध्यापक यांच्यात ठरून जाऊ देऊ नका. तुमच्या गटानं आधी एक बैठक घ्यावी आणि गावाला काय हवंय ते बायकांच्या तोंडून कार्यक्रम अधिकाऱ्यांना कळवावं. नाहीतर सात दिवस मंदिराचं आवार झाडलं जातं आणि पाणवठ्याचा चिखल तसाच राहतो. गटातल्या दोन-तीन जणींनी रात्री एक चक्कर टाकावी. सर्पदंश, पाणी, वीज, कोणाच्या दारू पिऊन येण्याची सवय, हे गावातल्या बाईलाच माहीत असतं. एखाद्या संध्याकाळी मुलींना तुमच्या बैठकीला बोलवा. हिशेबाची वही दाखवा, कर्ज कसं देता ते सांगा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला व्याजाचा हिशेब येतो, पण दहा बायकांत पैशाची गोष्ट उघड्यावर कशी बोलायची ते तिला तुम्हीच दाखवू शकता. आणि जाताना त्यांना विचारा, पुन्हा कधी येणार? तारीख घ्या.

माझी ती दैनंदिनी अजून आहे. दोन वर्षांत २४० तास व्हायला हवे होते, माझे २३१ भरले. भावाच्या लग्नात नऊ तास गेले, आणि मॅडमनी ते खोटे भरून दिले नाहीत. मग उन्हाळ्यात मी आणि ती 'पानी'वाली, दोघी जणी दत्तक गावात गेलो. अंगणवाडीच्या भिंतीवर दिवसभर बाराखडी रंगवली, आणि शेवटचा 'ण' तिनं काढला.